मिरचीची बरणी मुडद्यांच्या वर्गात

मी एक जुनी काचेची बरणी आहे, मित्रांनो. झाकण कधीच हरवलं, काठाचा टवका उडाला, आणि अंगाला असा वास आहे की जवळ येणाऱ्याचं तोंड आपोआप वाकडं होतं. ज्याचं पोट नाजूक असेल त्याने आत्ताच उठून जावं. गोड करून सांगणं मला जमत नाही.

माझा जन्म भट्टीतला. लालबुंद काच नळीने फुंकून फुगवली, साच्यात दाबली, निववली. मग गवतात गुंडाळून रेल्वेने नागपूरला आणली आणि इतवारीच्या एका दुकानात रांगेत उभी केली. तिथून मला महालातल्या यमुताईंनी घेतलं. टिचकी मारून, कान लावून, माझ्या आधीच्या तीन बरण्या नापसंत करून घेतलं. आजही त्या गोष्टीने माझी मान ताठ होते. बारा वर्षं मी त्यांच्या फळीवर लाल मिरचीचं लोणचं सांभाळलं. ओला हात आत जायचा नाही, उष्टा चमचा तर नाहीच. बारा वर्षांत बुरशीचा एक ठिपका धरला असेल तर सांगा. लोणचं संपत आलं की तळाशी बी उरायचं. पिवळं, चपटं, गोल, फुंकर मारली तर उडेल असं. मिरचीचं बी मी झोपेतसुद्धा ओळखीन.

मग घरात स्टील शिरलं. यमुताई अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यांना कोण विचारतो! सुनेने मला दोन फुटक्या कपांसोबत भंगारवाल्याच्या टोपलीत टाकलं. मी पुन्हा इतवारीत आले, पण या वेळी जमिनीवर, गोणपाटावर. तिथे चंद्रभान नावाच्या माणसाने मला उचललं. तो एका मेडिकल कॉलेजात शिपाई होता. कॉलेजचं नाव मी सांगत नाही, तुम्ही विचारू नका. मुंबईहून बरण्या येत नव्हत्या, म्हणून साहेबाने त्याला रुंद तोंडाच्या जुन्या बरण्या आणायला धाडलं होतं. मला वाटलं, कँटीनमध्ये लोणचं भरतील.

मित्रांनो, पहिल्याच दिवशी माझ्यात एका मेलेल्या माणसाच्या पोटातलं जेवण ओतलं. अर्धा पचलेला भात, आंबलेली दारू आणि वर तरंगणारी चरबी. यमुताईंनी राखेने घासलेल्या माझ्या अंगात! मी फुटले कशी नाही तेच नवल.

तो विभाग होता न्यायवैद्यकाचा. माणूस कशाने मेला, विषाने की माराने की गळफासाने, हे मुडदा उघडून ओळखायचं आणि पोलिसांना लिहून द्यायचं. तेच डॉक्टर होणाऱ्या पोरांना शिकवायचं. काम चांगलं आहे. मेलेल्याची बाजू मांडायला दुसरं असतं कोण? म्हणून मेलेल्यांची किळस मला चार महिन्यांत सुटली. मेलेला माणूस गुमान पडून राहतो, कुणाचं वाईट करत नाही. किळस यायची ती जिवंतांची.

पोरं ट्रेच्या काठावर चहाचा कप ठेवायची. हातमोजा काढून त्याच हाताने समोसा खायची. कोण चक्कर येऊन पडतो यावर पैजा लावायची. एकाने तर एका म्हाताऱ्या मुडद्याच्या बोटांत विडी अडकवली, आणि सगळा वर्ग हसला. त्या म्हाताऱ्याची बायको बाहेर ओट्यावर बसली होती. हसणं तिला ऐकू गेलं असणार.

शिकवायला गिरिधर सर. सदरा कडक इस्त्रीचा, रुमालाला वाळ्याचं अत्तर, बोलणं सगळं इंग्रजीत. हुशार होते, मी नाही म्हणत नाही. पण हा माणूस आयुष्यात कधी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत गेला नव्हता. ताटात येईल ते खाल्लं, हात धुतले, झालं.

दरवर्षी ते दोन काचेच्या नळ्या वर्गात फिरवत. एकीत धोतऱ्याचं बी, एकीत मिरचीचं. धोतरा म्हणजे विष. पोटात गेला की माणूस बरळतो, हवेत काहीतरी वेचतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि जास्त झालं तर जीवच जातो. आपल्याकडे जेवणात तिखट भरपूर, म्हणून पोटात बी सापडलं तर कोणतं ते ओळखणं फार महत्त्वाचं, असं सर सांगत. बरोबरच सांगत. पण एका उन्हाळ्यात नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची खळ सुटली. चंद्रभानने नळ्या पुसल्या आणि चिठ्ठ्या परत चिकटवल्या. उलट्या चिकटवल्या, एकीची दुसरीवर. चिठ्ठ्या इंग्रजीत होत्या. चंद्रभानला इंग्रजी येत नव्हतं आणि सरांना मिरची येत नव्हती.

सात वर्षं, मित्रांनो! सात वर्षं सर धोतऱ्याला मिरची म्हणत राहिले आणि मिरचीला धोतरा. बी जुनं होऊन काळपटलं होतं हे खरं. पण धोतऱ्याचं बी जाड, खडबडीत, मूत्रपिंडाच्या आकाराचं. ते उभं कापून आतला कोंब कुठे वळलाय ते भिंगाखाली बघा असं पुस्तकात लिहिलेलं, सर स्वतःच वाचून दाखवत. सात वर्षांत एक बी कापलं नाही. चंद्रभानला सरांचं इंग्रजी कळत नव्हतं. आणि पोरं? त्यांतली निम्मी खेड्यापाड्यातली. बांधावरचा धोतरा पाहून वाढलेली. त्यांना पहिल्या दिवशीच कळायचं. होस्टेलवर जाऊन हसायची, खालच्या वर्गांना सांगायची. तोंडी परीक्षेत सरांना हवं ते उत्तर द्यायची आणि पास व्हायची. याची मला जी शिसारी आली, ती कुठल्या सडक्या आतड्याची आली नाही.

चौऱ्याहत्तर साल. नरखेडकडच्या एका गावातून शामला नावाच्या बावीस वर्षांच्या सुनेचा मुडदा आला. सासरचे म्हणत होते, ताप मेंदूत गेला, दोन दिवस बरळत होती, गेली. सरण रचलं होतं. पण तिची आई, अंजनाबाई, सरणावर जाऊन बसली. माझी लेक तापाने मेली नाही, आधी डॉक्टरला दाखवा, मग मला हिच्यासोबत जाळायचं तर जाळा, म्हणाली. म्हणून पोलिसांनी मुडदा नागपूरला आणला. ती बाई एसटीने मागोमाग आली आणि आमच्या खिडकीखाली व्हरांड्यात बसली. घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही.

वर्गासमोर शामलाचं पोट उघडलं. आत जे होतं ते माझ्यात ओतलं. माझ्या तळाशी बी बसलं आणि मी समजले. ते बी मिरचीचं नव्हतं.

सरांनी चिमट्याने दोनचार बिया उचलल्या, नळीशेजारी धरल्या आणि वर्गाला सांगितलं की ही मिरची, बाई मरायच्या आधी झणझणीत जेवली होती. पोरांपैकी तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. सर म्हणाले, विषाचा संशय नाही, लॅबला काही पाठवायचं कारण नाही, ताप असं लिहून देऊ. मग चहा प्यायला गेले. मला मोरीवर ठेवलं. चंद्रभानने नळ सोडला. अजून अर्ध्या मिनिटात शामला नालीतून वाहून गेली असती.

तेवढ्यात उत्तरा परत आली. ही त्याच वर्गातली मुलगी, बाप काटोलकडे संत्र्याच्या बागा राखणारा. तिने नळ बंद केला. मला उचलून खिडकीत ठेवलं, चार बिया धुऊन टीपकागदावर घेतल्या आणि बाहेर जाऊन अंजनाबाईसमोर बसली.

"मावशी, पाहा बरं, हे कायचं बी होय?"

"धोतऱ्याचं." बाईने हातसुद्धा लावला नाही. "मिरचीचं असं राहते काय? कोठून आणलं?"

उत्तराने सांगितलं कुठून. मग का कोण जाणे, सगळंच सांगून टाकलं. नळ्या, चिठ्ठ्या, सात वर्षं. अंजनाबाई रडली नाही. तिने त्या मुलीकडे असं पाहिलं की मी खिडकीत असून माझी काच गार पडली.

"तुले ठाऊक होतं?"

"हो."

"मंग तिथं काहून नाही बोलली वं?"

"दहा दिवसांनी माही परीक्षा हाय, मावशी. तेच सर मार्क देतात."

"तुह्या मार्कापाई माह्या लेकीले मिरची खाऊ घालून राहिले होते तुम्ही."

उत्तरा उठली. ब्लेड आणि भिंग घेऊन सरळ सरांच्या खोलीत गेली. सर गरजले, वर्गात का नाही सांगितलं म्हणून. तिने विचारलं की वर्गात सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का, सर? सर उठले. खिडकीपाशी आले, माझ्यातलं एक बी उभं कापलं, भिंगातून पाहिलं. दुसरं कापलं. तिसरंही कापलं. तिन्ही धोतऱ्याचीच. मग पहिलं काय केलं असेल? चंद्रभानला हाक मारली आणि कुणी चिठ्ठ्या बदलल्या म्हणून त्याच्यावर ओरडले.

"साहेब, मले वाचता येत नाही," चंद्रभान म्हणाला. "तुम्ही दरसाली हातात घेऊन दाखवत होते. मले वाटलं, तुमाले मालूम हाय."

एवढं मात्र खरं की सरांनी त्यानंतर टाळाटाळ केली नाही. आधीचा कागद फाडला. लिव्हर, किडनी, बिया सगळं लॅबच्या बरण्यांत मिठाच्या पाण्यात भरलं, लाख ओतली, मोहोर उठवली, हवालदाराच्या हाती दिलं. मग व्हरांड्यात जाऊन अंजनाबाईसमोर उभे राहिले. म्हणाले, बाई, तुमच्या मुलीच्या पोटात विष होतं, आता तपास होईल. चूक दुरुस्त केल्याचं थोडं समाधान होतं चेहऱ्यावर. आता बाई पाया पडेल असं वाटलं असेल बहुतेक.

अंजनाबाईने पदर सावरला आणि उभी राहिली.

"सात साल म्हणते हे पोरगी. माह्या शामलाच्या आंधी किती जणींले मिरची लिहली तुम्ही?"

सरांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसत राहिले. ती वाट पाहत उभी होती. त्यांनी पुसणं थांबवलं नाही.

पुढे कोर्टात काय झालं ते बरणीला कोण सांगणार? नळ्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या. उत्तरा पास झाली. पण त्या सात वर्षांचे डॉक्टर तालुक्यातालुक्यात पसरले होते. त्यांना सरांनी एक पत्र धाडलं नाही. सात वर्षांचं रजिस्टर, ज्यात प्रत्येक मुडद्याच्या पोटात काय सापडलं ते लिहिलेलं असतं, ते कपाटात ठेवलं आणि किल्ली फिरवली.

त्याच कपाटावर मला ठेवलंय, मित्रांनो. अंगावर धूळ बसते, कोळी जाळं करतात. पोरं येतात, नाक दाबतात, जातात. मला धुवा असं मी तुम्हाला म्हणणार नाही, माझं आयुष्य झालं. पण तुमच्यापैकी कुणी डॉक्टर झालं, कुणी मास्तर झालं आणि या खोलीत आलं, तर माझ्या खालचं कपाट उघडा. पोटात मिरची असं जिथे जिथे लिहिलंय, तिथे बाईचं नाव वाचा, गाव वाचा. तिची आई अजून जिवंत असेल तर तिच्या दारात जा. आणि ती विचारील त्याचं उत्तर द्या.