चमच्यापलीकडचा मका

मित्रांनो, मी एक जुना जैवसंवेदक आहे. नाव जड असले तरी काम सरळ आहे: धान्यातले बुरशीचे विष ओळखायचे. माझ्या फटीत एक पट्टी सरकवतात. पट्टीवरचे कण नेमके ते विष धरून ठेवतात आणि जितके सापडेल तितका आकडा मी दाखवतो.

बाळांसाठी मक्याचे पीठ करणाऱ्या कारखान्यात मी सहा वर्षे आहे. नवा होतो तेव्हा माझे काय कौतुक! पाहुणे आले की मालक आधी मला दाखवत. पुढे माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवू लागले. तेही मी सोसले. पण मुकादमकाकांनी माझा जीव टांगणीला लावला.

नमुना काढायची टोकदार नळी, म्हणजे बंबी, थप्पीच्या तळातल्या पोत्यांतही खुपसायची, असा नियम आहे. काका मात्र वरच्याच पोत्यातला मूठभर मका आणत. म्हणत, "सगळा एकच माल. आत काय वेगळं असणार?" तपासणाऱ्या ताईही घाईत मान डोलावत. मी खरा आकडा सांगे आणि तरी तळमळत राही. दिलेल्या चमच्यापलीकडचे मला दिसतच नाही हो! बुरशी तर एखाद्या ओल्या कोपऱ्यात दडी मारून बसते.

एकदा मी निर्धोक ठरवलेल्या थप्पीचे दळण सुरू झाले. काकांनी पहिली पिशवी नातीसाठी घरी धाडली. तासाभराने ताई गोदामात गेल्या, तर थप्पीमागची भिंत ओली! त्यांनी स्वतः तळात बंबी घातली. माझा आकडा दसपट चढला.

"यंत्र बिघडलंय तुमचं," काका म्हणाले.

ताईंनी नवी पट्टी घातली. आकडा तोच आला. काकांनी घरी फोन लावला.

"सूनबाई, बाळीला भरवलंस का?... निवत ठेवलंय? हात लावू नकोस त्याला!"

दळण थांबले. काकांनी हळूच विचारले, "ताई, मागच्या महिन्याची पिशवी बाळीनं संपवली. तिच्यात काय होतं?"

ताई माझ्याकडे बघू लागल्या. मी काय सांगणार? त्यातले चिमूटभरही उरले नव्हते.

मित्रांनो, माझ्यावरचे चहाचे डाग पुसा, न पुसा. पण बंबी तळापर्यंत घाला, आणि तीही आधी. खाऊन झालेल्या पिठाचे मला काहीच सांगता येत नाही.