नूतनीकरण यशस्वी

सकाळी अकराला लकडगंजच्या वधू-वर मंडळाच्या जुन्या यादीत २१४ नावं होती, यंदाच्या नव्या यादीत शून्य; नूतनीकरण झालं की नाव जुनीतून नवीत जायचं. एक वाजता जुनीत ८४ आणि नवीत १२२. उन्नतीनं बेरीज दोनदा केली. आठ जण कमी होते, आणि दोन तासांत आठ जणांची लग्नं जुळवण्याचा मंडळाचा लौकिक नव्हता.

त्या आठांपैकी एकाची आई, पुष्पलताबाई, टेबलापुढेच उभी होती. हातात पावती, ‘पियुष : नूतनीकरण यशस्वी’.

“मंग नव्या यादीत माहा पोरगा काहून नाही वं? सहा वाजता पुस्तक छापाले जाऊन राहिलं ना?”

“पाहते ना, काकू.”

“बत्तीस वर्षांचा झाला. बायको तं मिळाली नाही, तुमच्या कॉम्प्युटरनं त्यालेच गायब केलं!”

एमएस्सी होऊन महिन्यापूर्वीच इथं लागलेल्या उन्नतीनं मंडळाचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या दुर्गेशचा प्रोग्रॅम उघडला. कामाची पावलं दोनच : जुन्या यादीतून नाव काढायचं, नव्या यादीत घालायचं. दुसरं पाऊल अडलं तर काय, याचाही विचार दुर्गेशनं केला होता. तसं झालं की पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘यशस्वी’ यायचं.

“एरर दिसली का लोकं घाबरून जाते वं,” दुर्गेशनं उदारपणे समजावलं. “म्हणून मी दाखवतच नाही.”

“पण अडलं काहून, दादा?”

“एका मोबाईलवर एकच नाव. नियम टाकला ना मी या वर्षी! डुप्लिकेट नाही पाहिजे.”

नियम निर्दोष होता. फक्त अर्जात पोरांचा नंबर कोणीच देत नाही. घरातल्या सगळ्या उपवरांसाठी वडिलांचाच असतो. पियुषच्या वडिलांच्या, गणपतरावांच्या नंबरावर त्याची बहीण सोनिका आधीच नव्या यादीत बसली होती.

उन्नतीनं दोन्ही पावलं एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधली. दोन्ही होतील, नाहीतर पहिलंही रद्द. यादीच्या सकाळी जपून ठेवलेल्या प्रतीतून आठही जण जुन्या यादीत परत आणले आणि दुर्गेशचा नियम तसाच ठेवून पियुषला पुढे ढकलून पाहिलं. पडदा लाल झाला, कारण लिहून आलं, पियुष जुन्या यादीत जागच्या जागी राहिला.

“एवढं लाल? मंडळाची इज्जत जाईन ना!”

“आठ जण गेले तेव्हा नाही गेली का?”

मग तिनं तो नियम काढला. आठही नावं नव्या यादीत गेली, पुस्तिका वेळेवर छापखान्यात पोचली आणि रविवारी मेळाव्यात वाटली गेली.

पहिल्या आठवड्यात गणपतरावांच्या मोबाईलवर सतरा फोन आले : सोळा सोनिकासाठी, एक पियुषसाठी.