सिस्टरना न सांगितलेली उत्तरं

"व्हॉट इज धिस?" सिस्टर अ‍ॅन्सिलांनी गाईचं चित्र पुढे सरकवलं.

चार वर्षांच्या निनादनं चित्र नीट निरखलं. "गाय आहे. नुकतीच व्यायलीये. वासराला अजून धड उभं राहता येत नाही, बघा."

टेबलाच्या टोकाला गुणांचा कागद घेऊन बसलेल्या लतिका देशमुखांना हसू आवरेना. गाझियाबादच्या या मिशनरी शाळेत त्या सोळा वर्षं के.जी.ला शिकवत होत्या. मुलाखतीला आलेली पोरं 'काऊ' म्हणून मोकळी व्हायची. वासराच्या पायांकडे आजवर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्यांची स्वतःची लेक, इकडेच वाढलेली, वासराला 'गाय का बच्चा' म्हणायची.

"अँड धिस कलर?" सिस्टरनी एक ठोकळा उचलला.

"हा नुसता निळा नाही. चिंतामणी आहे. आजीचं लुगडं आहे असलं."

"चिंतामणी?" केरळच्या सिस्टर गोंधळल्या, अर्ज चाळू लागल्या. "बट हिज नेम इज निनाद, नो? मिसेस देशमुख, इज ही आन्सरिंग?"

आईबाप नियमाप्रमाणे बाहेर व्हरांड्यात बसलेले. खोलीत मराठी कळणाऱ्या लतिकाबाई एकट्याच. 'हो सिस्टर, सगळं बरोबर सांगतोय' एवढंच म्हणायचं होतं. पण शेजारी मिसेस कपूर बसल्या होत्या. गेल्या वर्षी दोन मराठी मुलांना प्रवेश मिळाला, तोही त्यांच्या हुशारीवर, तेव्हा याच बाई स्टाफरूममध्ये डबा उघडता उघडता म्हणाल्या होत्या, "देशमुखजी का तो मराठा कोटा चल रहा है!" सगळ्या हसल्या. लतिकाबाईही हसल्या, आणि पुन्हा कुणाला बोट दाखवायला जागा द्यायची नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. त्यातून निनादची आई वृंदा त्यांच्याच कॉलनीतली, नवऱ्याच्या बदलीमुळे चार महिन्यांपूर्वी नांदेडहून आलेली. हळदीकुंकवाला येणंजाणं होतं.

"नॉट इन इंग्लिश, सिस्टर," त्या म्हणाल्या. "हिंदी में भी नहीं."

शब्दन् शब्द खरा होता. कागदावर त्यांनी 'नो रिस्पॉन्स' लिहिलं. निनाद त्यांच्याकडे बघून हसत होता. आपलं बोलणं कळून हसणाऱ्या या बाई त्याला आवडल्या असाव्यात.

शुक्रवारी यादीवर सही करताना सिस्टर आपल्या इंग्रजीत हळहळल्या. "नाइस बॉय. रंग जरी ओळखले असते ना, तर मी घेतला असता. इंग्लिश काय, ते आपण शिकवतोच." लतिकाबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आता सांगायचं, तर तेव्हा का सांगितलं नाही, हेही सांगावं लागणार. त्यांनी यादी उचलली आणि स्वतःच्या हातानं फाटकापाशी लावली.

त्यानंतर दीड महिना त्या भाजीलासुद्धा लांबच्या रस्त्यानं गेल्या. स्वतःचीच इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. शेवटी पाडव्याला मनाचा हिय्या करून त्या वृंदाकडे गेल्या. आज सगळं सांगून टाकायचं आणि माफी मागायची, असं ठरवूनच.

"वृंदा, त्या मुलाखतीचं..."

"अहो ताई, तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" वृंदानं त्यांना बोलूच दिलं नाही. "उलट तुम्ही आत होतात म्हणून मला केवढा धीर होता. निदान आपलं माणूस समोर आहे म्हटलं. चूक आमचीच. घरात चोवीस तास मराठी, मग पोरगं तिथे तोंड कसं उघडणार? आता बिल्कुल बंद केलंय. हे पण हिंदीतच बोलतात त्याच्याशी. पुढच्या वर्षी परत फॉर्म भरणार आहे."

तेवढ्यात आतल्या खोलीतून निनाद आला आणि त्यांना पाहताच त्याचा चेहरा उजळला.

"काय रे निनाद, काय खेळत होतास?"

त्यानं घाईघाईनं तोंड उघडलं. मग आईकडे पाहिलं आणि मिटलं. क्षणभर शब्द जुळवत तो उभा राहिला.

"नमस्ते, आंटीजी."

"शाबास!" वृंदा म्हणाली आणि कौतुकानं ताईंकडे बघत राहिली.

लतिकाबाईंनी हात जोडले. "नमस्ते, बेटा," त्या म्हणाल्या.