निकिताची भूक

डाळज गावची ज्योत्स्ना बारामतीतल्या एका खासगी केंद्रात धावण्याच्या तयारीला आली, तेव्हा तिच्या खोलीत इंदापूरची निकिता होती. दोघींना लडाखच्या शर्यतीत उतरायचं होतं. केंद्रात काचेची एक बंद खोली होती. लडाखच्या विरळ हवेची सवय व्हावी म्हणून तिथल्या हवेतला ऑक्सिजन कमी करायचा आणि पोरींनी ट्रेडमिलवर जीव तोडून पळायचं. बाहेर आल्यावर समोर मटणाचं ताट ठेवलं तरी हात लावावासा वाटत नसे.

"थोड्या वेळानं भूक येईल," प्रशिक्षक विजयमालाताई सांगायच्या. "नाही आली तरी जेवायचंच."

ज्योत्स्नाची भूक परत यायची. निकिताची येईनाशी झाली. ती भाकरीचे बारीक तुकडे करायची, आमटीत बुडवून ताटभर फिरवायची आणि उठून जायची. पाळी बंद झाली. भर उन्हात बोटं गार पडू लागली. धावणं मात्र आधी होतं त्याहून वेगानं चाललं होतं.

"निके, कायतरी खा की गं."

"लागतच न्हाय," निकिता हसली. "लई हलकं वाटतंय बघ. आत कुणीच न्हाय असं."

ज्योत्स्नाच्या अंगावर काटा आला. तरी तिला हेवाही वाटला. मग तिचंही ताट तसंच राहू लागलं.

एका सकाळी ती काचेच्या खोलीपाशी आली, तर निकिता आधीच पळत होती. ट्रेडमिलची घरघर ऐकू येत होती, पावलांचा आवाज नव्हता. ज्योत्स्नानं आत जाऊन यंत्र बंद केलं. पट्टा थांबला, निकिताचे पाय थांबले नाहीत. ती जागच्या जागी पळत राहिली.

"ती बघ, पुढं पळतीय," ती पुटपुटली. "तिला गाठू दे मला."

ज्योत्स्नानं समोर पाहिलं. काचेत फक्त तिचा स्वतःचा चेहरा होता, गालफडं बसलेला. शेजारी निकिता दिसतच नव्हती. वळून बघते तो निकिता खाली कोसळलेली.

दवाखान्यातून निकिताला तिचे वडील गोकुळतात्या इंदापूरला घेऊन गेले. धावणं बंद झालं. विजयमालाताईंनी ज्योत्स्नालाही घरी धाडलं. आई चतुराबाईनं तिच्यापुढं चिलापी माशाचं कालवण आणि भाकरी वाढली.

"आई, भूकच न्हाय मला."

"मग बिनभुकेचं जेव. मी बसते हितं."

माती चघळावी तशी ज्योत्स्ना जेवली. रोज जेवली. आई ताट रिकामं होईपर्यंत समोरून हलायची नाही.

मग एका दुपारी, धुणं वाळत घालताना, तिच्या पोटात काहीतरी जागं झालं. कुणी परकं आतून चाचपडत वर येतंय असं वाटून ती घाबरून खालीच बसली. मग उमगलं, ही भूक आहे. तिनं सकाळची भाकरी कोरडीच खाल्ली, रडत रडत.

हात पुसून तिनं निकिताला फोन लावला.

"निके, मला भूक लागली गं आज!"

 

"कशी असती गं ती?" निकितानं विचारलं.