समुद्र तिसाव्या लेवलला

लॅमिनेशनच्या मशीनमधून कुणाचं तरी आधार कार्ड वाकडं बाहेर आलं, तरी उर्वशीचं लक्ष नव्हतं. ती काउंटरवर ठेवलेल्या मोबाईलकडे बघत होती. पडद्यावर एक गुबगुबीत माणूस नाचत होता, त्याच्या डोक्यावर सोन्याचा पाऊस पडत होता आणि खाली लिहिलं होतं : ‘आता वाट पाहू नका! दहापट वेगाने पुढे जा! आठवड्यात तिसावी लेवल!’

“थू,” ती म्हणाली.

कार्डवाल्या म्हाताऱ्यानं दचकून स्वतःच्या कार्डाकडे पाहिलं.

“तुमाले नाई म्हटलं, काका. आणा इकडे, दुसरं करून देते.”

पुसदच्या बसस्टँडमागे उर्वशीचं ऑनलाइन सेंटर होतं. पीकविमा, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, सगळ्यांचे अर्ज ती भरून द्यायची. पण मधल्या रिकाम्या वेळात ती नायक होती. ‘काफिला’ नावाच्या खेळात तिचा तांडा होता, तेवीस जणांचा. पुसद-दिग्रसच्या तांड्यांतली ही मंडळी, काही आता पुण्याला गेलेली. खेळात प्रत्येकाला एक बैल मिळे. त्याच्या पाठीवर धान्याच्या गोण्या लादायच्या आणि गावोगाव पोचवायच्या. खेप पूर्ण झाली की थोडी ताकद वाढायची, पुष्कळ खेपा झाल्या की लेवल वाढायची. तिसाव्या लेवलला घाटाचं दार उघडे, आणि घाटापलीकडे समुद्र होता. मीठ तिथून आणायचं. आपले पणजोबा-खापरपणजोबा खरोखरच बैलांवर मीठ लादून मुलूख तुडवत होते, म्हणून या पोरांनी तांड्याचं नाव ‘लदेणी’ ठेवलं होतं. नाव ठेवल्यावर मग नायक आला, कारभारी आला, आणि तंटे सोडवायला नसाब म्हणजे पंचायतही आली.

या नसाबीचा उर्वशीला फार अभिमान. खऱ्या तांड्यातल्या नसाबीत बायका कडेला बसत, पदर पुढे ओढून. काही बोलायचं झालं तर घरच्या पुरुषाच्या कानात सांगायचं आणि त्यानं ते सभेत मांडायचं, तेही त्याला पटलं तर. इथे बाई नायक होती. तिनं एकच नियम केला होता : नसाबीत बोलायला तिसावी लेवल पाहिजे. ज्यानं वाट तुडवली नाही त्यानं वाटेबद्दल बोलू नये, इतकं साधं.

तिला स्वतःला समुद्र गाठायला दोन वर्षं लागली होती. पहिल्या दीड वर्षात ती जेमतेम एकोणिसाव्या लेवलपर्यंत रखडली. मग हात बसला आणि चाल वाढली. घाट उतरून निळं पाणी दिसलं त्या दुपारी ती याच काउंटरमागे रडली होती, आणि एका गिऱ्हाइकानं विचारलं होतं की घरी कुणी गेलं का. आज ती चौऱ्याऐंशीव्या लेवलवर होती. आणि आता खेळाची कंपनी ही नवी वेगवान वाट काढून तो समुद्र आठवड्यात वाटणार होती, जत्रेतल्या रेवड्यांसारखा.

रविवारी चारला सेंटरचं शटर अर्धं ओढून नसाब भरली. पुण्याची आणि बाकीची मंडळी फोनवर होती. समोर दोघेच होते : एसटीत कंडक्टर असलेला सेवादास आणि उर्वशीचा थोरला भाऊ शाम. शाम कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, खेळात बासष्टाव्या लेवलवर. त्याची बायको राखीही आली होती. कडेवर दीड वर्षाचं लेकरू, हातात चहाचा थर्मास आणि चिवड्याचा डबा. ती तांड्यात दोन वर्षं होती आणि चौदाव्या लेवलवर होती.

“बोला, नायक,” सेवादास म्हणाला. “माझं म्हणणं असं का, घेऊन टाकू. जग घेऊन राह्यलं. आपन कायले मांगं राह्यचं?”

“जग उकिरड्यावर लोळलं तं तू लोळशीन का?”

फोनमधून कुणीतरी हसलं.

“मले त्या जाहिरातीकडे पाहूनच शिसारी येते,” उर्वशी म्हणाली. “अरे, आपले लोक महिना महिना चालत होते. बैल बसला तं बैलापाशी बसत होते. आन् हे आयत्या बिळावर नागोबा! आठवड्यात समुद्र! ज्याले आयतं खायची सवय लागली, त्याले चव काय कळन? तोंडात घास भरवला का गिळला, झालं.”

ती बोलायला लागली की ऐकत राहावं असं बोलायची. शाम मान डोलावत चिवडा खात होता. राखीनं सगळ्यांना चहा दिला, उर्वशीचा कप तिच्या हाताशी ठेवला, आणि झेरॉक्स मशीनच्या कडेला जाऊन उभी राहिली. लेकरू तिच्या बांगड्या ओढत होतं.

“ताई, मी एक बोलू का?” ती म्हणाली.

उर्वशी थांबली.

“वैनी, तुले नियम मालूम आहे ना?”

“मालूम आहे. पण मी म्हणत होती, ज्याच्यापाशी टाइमच नाई...”

“टाइम कोणापाशीच नसते. काढा लागते. मी नाई काढत का, दुकान सांभाळून?” उर्वशी हसून म्हणाली, कारण राखीचा तिला राग नव्हता. “तिसावी होऊ दे, मंग भाषण देजो. मीच टाळ्या वाजवीन.”

राखीनं शामकडे पाहिलं. “तुमी सांगा ना यायले,” ती हळूच म्हणाली. “काल म्हटलं होतं ना मी तुमाले.”

शामच्या तोंडात चिवडा होता. त्यानं मोबाईल सरळ केला, उलटा केला, परत सरळ केला.

“घरी बोलू,” तो म्हणाला.

उर्वशीला त्या क्षणी काहीतरी खटकलं, चहात केस निघावा तसं. पण पुण्याचा एकजण मधेच बोलू लागला आणि ते राहून गेलं. मत झालं. एकट्या सेवादासचा हात खाली राहिला. ‘लदेणी’तला कुणीही वेगवान वाट घेणार नाही, आणि घेईल तो तांड्याबाहेर, असं ठरलं. उर्वशीनं ते तिथल्या तिथे टाईप करून सगळ्यांना पाठवलं. राखीनं कप गोळा केले, मागच्या नळावर विसळले, आणि लेकरू झोपेला आलं म्हणून ती रिक्षानं पुढे निघून गेली.

सोमवारी सकाळी उर्वशीच्या मोबाईलवर खेळाची एक ओळ आली : ‘राखी यांनी तांडा सोडला आहे.’

रुसली, उर्वशीला वाटलं. रुसू दे. राखीनं नेहमीसारखा तिचा डबा भरून ओट्यावर ठेवला होता. उर्वशीनं तो पिशवीत टाकला, स्कूटीला किक मारली आणि तांड्यावरून पुसदला निघाली. दोघींपैकी कुणीच विषय काढला नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. राखीचं तोंड फुगलेलंही दिसेना. गुरुवारी तर ती पोळ्या लाटताना काहीतरी गुणगुणत होती. उर्वशीला उगाचच त्याचाही राग आला.

शनिवारी दुपारी एकला तिनं शटर अर्धं ओढलं आणि डबा उघडला. ज्वारीच्या दोन भाकरी, अंबाडीची भाजी, कोपऱ्यात ठेचा, आणि तिला कांदा लागतो म्हणून वेगळ्या पुडीत कापलेला कांदा. उजव्या हातानं घास मोडत तिनं डाव्या हातात मोबाईल धरला. मिठाची खेप आणायची होती.

घाट उतरली आणि तिचं जेवणावरचं मन उडालं. आठवड्यापूर्वी या किनाऱ्यावर दोन-चार माणसं असायची, ओळखीची, एकमेकांना राम राम करणारी. आज तिथे चिक्कार झुंबड होती. वेगवान वाटेबरोबर फुकट मिळालेल्या नव्या कोऱ्या पगड्या घातलेले लोक पाण्यात उड्या मारत होते, एकमेकांच्या बैलांवर चढत होते, मिठाच्या राशीवर उभे राहून नाचत होते. कुणी ‘इथून पुढे काय आहे?’ असं विचारत होतं, कुणी ‘बोअर आहे’ म्हणून निघूनही जात होतं. पाणी तेच होतं, पण तिला त्याच्याकडे बघवेना. उष्ट्या ताटात वाढल्यासारखं झालं. बरं केलं आपण, ती मनात म्हणाली. आपल्यातला एकही या घाणीत नाही.

गर्दीतून बैल काढताना तिला कडेला एक बाई दिसली. अंगावर पहिल्या दिवशी मिळतात तेच मळकट कपडे, डोक्यावर फुकटची पगडीही चढवलेली नाही. शेजारी हडकुळा बैल बसलेला. बाई उड्या मारत नव्हती, मीठही भरत नव्हती. पाण्याकडे तोंड करून नुसती बसली होती. तिच्या डोक्यावर लेवल लिहिली होती, तीस. तांड्याचं नाव असतं ती जागा रिकामी होती. खाली नाव होतं, राखी.

उर्वशीच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

तिनं डाव्या अंगठ्यानं लिहिलं, ‘वैनी?’

उत्तर आलं.

‘ताई, लेकरू झोपलं हाये. उठेपर्यंत पाहू द्या. लय मोठा हाये हो.’

वाट न तुडवता आलेल्यांबद्दल तिच्याजवळ शब्दांना तोटा नव्हता. रविवारी अर्धा तास ती त्यांच्यावरच बोलली होती. त्यातला एक तरी शब्द इथे लिहावा म्हणून तिनं अंगठा टेकवला, आणि तेवढ्यात दुसरी ओळ आली.

‘डब्बा पुरला का? आज भाकरी लहान झाल्या जरा.’

तिनं डब्याकडे पाहिलं. दोन भाकरींपैकी दीड संपली होती. कधी संपली ते तिला कळलंही नव्हतं, आणि भाजी कशी झाली होती हेही आठवेना. शामकडेही असाच डबा असणार, जिनिंगच्या शेडमध्ये, असाच मोबाईल बघत संपवलेला.

एकोणिसाव्या लेवलपर्यंत आपण दीड वर्ष का रखडलो, हे तिला आठवलं. तेव्हा पहाटे उठून तीच चुलीपुढे बसायची. दोघां बहीणभावांच्या भाकरी, बापाचा चहा, धुणं, मग दुकान, आणि संध्याकाळी परत चूल. दुपारी खेळ उघडला की डोळे मिटायचे. एकदा बैल ओढ्यात उभा करून ती काउंटरवर डोकं टेकून झोपली होती, आणि दरोडेखोरांनी सगळ्या गोण्या नेल्या होत्या. मग त्या उन्हाळ्यात शामचं लग्न झालं. राखी घरात आली आणि उर्वशीचा हात बसला.

रविवारचीच शिसारी तिला परत आली. पडद्यावर फुकट्या पगड्या अजून नाचत होत्या, पण आता त्यांच्याकडे तिचं लक्ष नव्हतं. उरलेली अर्धी भाकर तिनं फडक्यात झाकली. परत उघडली. टाकून देणं तर त्याहून वाईट झालं असतं. मान खाली घालून तिनं ती खाल्ली, एकेक घास सावकाश चावून. अंबाडीत आज लसूण जास्त होता.

मग तिनं हात धुतला, पदराला पुसला, आणि दोन्ही हातांनी मोबाईल धरून लिहिलं, ‘पुरला.’

समुद्रापाशी बसलेली बाई तेवढ्यात गडबडीनं उठून उभी राहिली आणि पडद्यावरून दिसेनाशी झाली. लेकरू उठलं असणार.