पुलापलीकडचा डबा

सुनेनं ओल्या कचऱ्याच्या डब्यातून चिमट्यानं हाड उचललं आणि काळ्या डब्यात टाकलं. सासरे दारात उभे राहून बघत होते.

"आमच्याकडे हाडं ओल्यात."

"पुलापलीकडे, बाबा. इथे काळ्यात."

"आणि चहाची पिशवी?"

"पिशवी काळ्यात, आतला चहा ओल्यात."

"म्हणजे चहाचं पोस्टमॉर्टेम करायचं!"

एरवी ती खळखळून हसली असती. पण डब्यावर पुन्हा लाल चिठ्ठी चिकटली होती: कचरा मिसळलेला, उचलला नाही. शेजारीपाजारी नाकाला रुमाल लावून जात होते. एका नदीच्या दोन काठांवरची ही शहरं म्हणजे दोन जावाच. एकीनं चांगलं म्हटलं की दुसरीनं नाक मुरडलंच पाहिजे.

सासरे घड्याळजी. सासूबाई गेल्यावर सुनेनंच त्यांना हट्टानं आणलं होतं. "महिनाभर बघतो. जमलं तर जमलं, नाहीतर माझी खोली आहेच," या बोलीवर ते आले होते. महिना सरत आला होता. मुलाला बाप असला काय, नसला काय, सारखंच. घरात नफा झाला होता तो सुनेचा. तिचे वडील ती लहान असतानाच गेलेले. कामावरून आल्या आल्या "जेवलीस का गं?" असं विचारणारं माणूस तिला आता कुठे मिळालं होतं.

आणि तरी तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, इथे राहायचं तर इथल्यासारखं राहायला हवं!"

सासऱ्यांनी मान हलवली. दुरुस्तीपलीकडे गेलेलं घड्याळ गिऱ्हाईकाला परत देताना हलवत असतील, तशी.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा कुणी काही विचारलं नाही.

"बाबा खोलीवर गेलेत," मोबाइलमधून डोकं वर न काढता नवरा म्हणाला. "घासायचा ब्रश घेऊन."

ती उलट्या पावली बस पकडून पुलापलीकडे गेली.

जुन्या खोलीसमोर सासरे बाह्या सारून उकिडवे बसले होते. पुढ्यात पालिकेचा हिरवा डबा. आतून बाहेरून फेसानं माखलेला. म्हणजे बाबा इथेच परत राहणार! तिच्याकडे डबा धुतात तो दर आठवड्याला, पुन्हा भरायला.

"बाबा, चुकलं माझं. हाडं मी निवडत जाईन. रोज. पण हे नका करू."

"का? घाणेरडा देऊ?"

शेजारची म्हातारी पदरानं डोळे टिपत उंबऱ्यात उभी होती.

"अगं, समजाव त्याला. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, आणि आज डबा घासायला बसला!"

सुनेला काही उमगेना.

"इथे जन्मात कुणी डबा धूत नाही," म्हातारी म्हणाली. "खोली सोडताना पालिकेला परत करतात, तेव्हाच काय तो घासतात."

पर्स म्हातारीच्या हातात देऊन सून खाली बसली आणि तिनं डबा आडवा धरला. सासऱ्यांनी आत हात घातला.

"अंड्याची टरफलं कशात म्हणालीस?" डब्यातून त्यांचा आवाज घुमत आला.

"ओल्यात, बाबा."

"बरं," ते म्हणाले. "घट्ट धर."