मिस्त्रींनी लावलेलं झाकण

मिस्त्रींनी आवळलेला नळ कुणाच्या बापाला उघडायचा नाही, अशी त्यांची ख्याती होती. ती पसरवायची तसदी त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली नव्हती, ते स्वतःच सांगत फिरायचे. नळ बसवून झाला की पान्याला शेवटचा एक जादा झटका द्यायचे आणि ‘हं!’ करायचे. लोक पाठीमागे त्यांना ‘पक्कड’ म्हणत. हे कानावर आलं तेव्हा रागवायचं सोडून या गृहस्थांनी ते नाव हत्यारांच्या पेटीवर रंगवून घेतलं.

बरं, धंद्यातली खोड धंद्यात ठेवावी की नाही? छे! घरातली साखरेची बरणी, चहाचा डबा, तेलाची बाटली, सगळ्यांना तोच शेवटचा झटका. बायको म्हणायची, “अहो, जरा सैल लावत जा हो. मला उघडत नाही.” यावर ठरलेलं उत्तर, “हातात जोर नको का? बायकांचे हात म्हणजे नुसते शोभेचे!” आणि स्वतःच्याच विनोदावर खो-खो हसायचे. ती बिचारी कुठूनसा रबराचा तुकडा आणून झाकणाशी झटापट करत बसायची.

आणि मग एका सकाळी चहाचा कप उचलायला गेले, तर उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडापासून मनगटापर्यंत अशी कळ गेली, की कप बशीत आणि चहा मांडीवर. आई गं! पाना धरवेना, दाराची मूठ फिरवेना, फडकं पिळवेना. वेळ तरी कसली निवडली होती या कोपराने! गावाबाहेर मोठी इमारत उभी राहत होती, तिच्या सगळ्या नळांचं काम द्यायला ठेकेदार माणूस शोधत होता, आणि तो मिस्त्रींच्या घरी येऊन नक्की करणार होता. आयुष्यातलं एवढं मोठं काम! पक्कडचा हात गेला हे बाहेर फुटलं, तर ते काम पलीकडच्या गल्लीतल्या मिळमिळीतकडे जाणार, हे उघड होतं. मिळमिळीत हे नावही मिस्त्रींनीच त्या दुसऱ्या प्लंबरला ठेवलेलं. कारण त्याने लावलेले नळ पोरंसुद्धा दोन बोटांनी उघडायची.

मिस्त्रींनी ताकास तूर लागू दिली नाही. फक्त बायकोला सांगितलं, तेही हात हलवता येईना म्हणून.

“चौकातल्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांना दाखवा,” ती म्हणाली. “चांगल्या आहेत.”

तिला हे कसं ठाऊक, असं विचारायचं मिस्त्रींच्या डोक्यातही आलं नाही. बायकोला काही विचारायचं असतं, हेच त्यांना माहीत नव्हतं.

बाईंनी कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर बोट दाबलं. मिस्त्री खुर्चीतून हातभर उडाले. मग त्यांना मूठ वळवून मनगट वर उचलायला लावलं आणि वरून दाबून धरलं. मिस्त्रींना तारे दिसले.

“टेनिस एल्बो,” बाई म्हणाल्या.

“बाई, मी आयुष्यात टेनिस खेळलो नाही!”

“खेळणारे थोडे, आवळणारे फार. मनगट उचलणाऱ्या स्नायूंची दोरी इथे हाडाला बांधलेली असते. तुम्ही मूठ घट्ट केली की ती ताणली जाते. रोज, त्याच जागी, गरजेपेक्षा जास्त. ती झिजली आहे.”

“मग गोळी द्या.”

“गोळीने दुखणं दबेल, दोरी सांधायची नाही. पकड सैल करा. वस्तू उचलताना तळवा वर ठेवा. हा पट्टा कोपराच्या खाली बांधा. आणि पाण्याची भरलेली बाटली हातात घेऊन मनगट सावकाश खाली सोडायचं, रोज. महिने लागतील.”

पकड सैल करा! वाघाला म्हणावं, गवत खा. मिस्त्रींनी पट्टा खिशात कोंबला आणि पायऱ्या उतरता उतरता ठरवलं की या बाईला काही कळत नाही. बाटली हलवायची म्हणे! घरी बायकोही हल्ली टेबलाच्या कडेवर हात ठेवून बाटली वरखाली करताना दिसायची. तेल गोठलं असेल, असं समजून त्यांनी सोडून दिलं होतं.

मग त्यांनी दुसरा डॉक्टर गाठला आणि कोपरात सुई टोचून घेतली. चमत्कार! आठवड्यात हात लोण्यासारखा. “एक महिना तरी जपा,” असं त्या डॉक्टरनेही बजावलं होतं, पण गाढवापुढे वाचली गीता. मिस्त्रींनी त्या आनंदात घरातली झाडून सगळी झाकणं नव्याने आवळली. ठेकेदार यायच्या सुमारास सुईचा गुण उतरला आणि कळ व्याजासकट परत आली.

ठेकेदार आला, ऐसपैस बसला. मिस्त्रींनी तोंडाचा पट्टा सोडला. “मी आवळलेला नळ कुणीही उघडून दाखवावा, साहेब! पैज!”

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात बायको बरणी घेऊन उभी राहिली. “अहो, साखर. जरा उघडून देता?”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मिस्त्रींनी बरणी धरली. मूठ वळली, कळ उठली, चेहरा वांग्यासारखा झाला, पण झाकण काही हललं नाही. “गंमत बघा,” ते घाम पुसत म्हणाले, “मलाच उघडत नाही!”

“द्या इकडे,” म्हणून ठेकेदाराने घेतली. बरणी मांडीत दाबली, दात-ओठ खाल्ले. ढिम्म! मिस्त्रींची छाती पुन्हा फुगली. “बघितलंत? ही पकड!”

ठेकेदाराने बरणी खाली ठेवली आणि लाल झालेला तळवा चोळला. “मिस्त्री, माझी इमारत कशाची आहे माहीत आहे ना?”

“मोठी आहे, एवढं माहीत आहे.”

“वृद्धांच्या निवासाची. सगळी सत्तरीच्या पुढची माणसं. त्यांना नळ उघडता आले पाहिजेत हो.” तो उठला. “ते पलीकडच्या गल्लीतले, काय नाव त्यांचं? त्यांच्याकडे जातो. चहा राहू द्या, वहिनी.”

दार लागलं. मिस्त्री बरणीकडे बघत बसले. कुणावर तरी ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडायला बरणीशिवाय कुणी नव्हतं.

बायको पुढे आली. तिने कमरेला खोचलेला रबराचा तुकडा झाकणाला गुंडाळला. उजवी बाही दुमडली. कोपराच्या खाली पट्टा होता, त्यांच्या खिशात होता तसाच, पण धुऊन धुऊन रंग गेलेला. तिने बरणी उजव्या काखेत धरली, डाव्या हाताने हिसडा दिला. झाकण उघडलं.

“हे कधीपासून?” मिस्त्रींनी पट्ट्याकडे बोट दाखवलं.

“धाकटी शाळेत जायला लागली तेव्हापासून.”

धाकटीचं लग्नसुद्धा झालं होतं.

“मला बोलली नाहीस?”

“रोज बोलत होते. सैल लावा म्हणून.”

तिने चहात साखर घातली, कप त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. मिस्त्रींनी बरणी ओढली आणि झाकण लावून फिरवलं. शेवटच्या झटक्यासाठी हात आपोआप वळला, हुंकार ओठांवर आला. तिथेच थांबले.

तिने दोन बोटांनी झाकण उघडून पाहिलं, परत लावलं.

“एवढंच होतं,” ती म्हणाली आणि बरणी फळीवर ठेवायला आत गेली.